पाखऱ्याला पाजलेलं तेल

आमच्या खात्याच्या नियमाप्रमाणे मला कुणी डॉक्टर म्हणणं चुकीचं होतं. मी स्टॉकमन. मॅट्रिकनंतर काही महिन्यांचं सरकारी प्रशिक्षण, एक खाकी पिशवी, एक सायकल आणि हिंडायला वीसेक गावं. लस टोचणं, गोऱ्ह्यांचं खच्चीकरण, जखमा धुणं, पोट फुगलेल्या म्हशीला नळी घालणं, बांबूच्या नळकांड्यातून औषध पाजणं, एवढाच आमचा अधिकार. त्यापलीकडचं काही निघालं तर तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांना कळवायचं. पण गावात हा फरक कोण करतो? ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. 'अहो, मी डॉक्टर नाही' हे मी पहिले दोन महिने सांगत होतो. मग सोडून दिलं. आणि खरं सांगायचं तर, चोविसाव्या वर्षी ते ऐकायला बरं वाटायचं.

नोकरीची सगळी वर्षं इथं मांडत बसत नाही. अडलेल्या गाई सोडवल्याच्या, पिसाळलेल्या रेड्याने झाडावर चढवल्याच्या गोष्टी आमच्यातला प्रत्येक जण सांगतो आणि त्यातल्या निम्म्या खऱ्या असतात. मी एका बैलाबद्दल लिहिणार आहे. ती गोष्ट मी घरच्यांखेरीज कुणाला फारशी सांगितलेली नाही, कारण तीत मी शोभून दिसत नाही.

बहात्तरचा दुष्काळ. माझं केंद्र नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या पलीकडे एका लहान गावात होतं. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर जनावर बांधायचा लाकडी खोडा आणि आत औषधांचं कपाट. मी राहायचो भानुदासभाऊंच्या पुढच्या खोलीत. भानुदासभाऊ पस्तिशीचे, कोरडवाहू जमिनीचे धनी, बोलणं कमी. त्यांच्या पत्नी हौसाबाई मात्र बोलायच्या, आणि जे बोलायच्या ते लागेल असंच. त्या साली पाऊस नावाला पडला. विहिरींनी तळ दाखवला आणि हौसाबाई गावातल्या इतर बायकांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. तिथं सरकारकडून सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड भुगा, मिळायची. ती पदरात बांधून आणायच्या आणि संध्याकाळी मलाही वाटीभर द्यायच्या.

त्यांच्या गोठ्यात चांदी नावाची गाय आणि दोन खिलार बैल होते, पाखऱ्या आणि हरण्या. पाखऱ्या चांदीच्याच पोटचा. छकड्याच्या शर्यतीत तीन वर्षं त्याच्या पुढे कुणाचा बैल गेला नव्हता. हरण्या विकत आणलेला, मेहनती, पण नजरेत न भरणारा. भानुदासभाऊ पाखऱ्याच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय सकाळी तोंड धूत नसत.

त्या हिवाळ्यात चांदी दिवस मावळला की भिंतीवर जाऊन आदळायला लागली. दिवसा नीट चालायची. तिन्हीसांजेला दावणीकडे आणताना दाराच्या चौकटीला डोकं आपटायची. गावात कुणी म्हणालं भूत दिसतंय, कुणी म्हणालं म्हातारपण. मला मात्र प्रशिक्षणातला एक धडा आठवला. गुरांना 'अ' जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यातून मिळतं. आठ-दहा महिने नुसता वाळका कडबा खाल्ला की यकृतातला साठा संपतो आणि पहिली जाते ती अंधारातली नजर. आमच्या कपाटात त्यावर औषध होतं, शार्क माशाच्या यकृताचं तेल. पिवळंधमक, आणि वास असा की बूच काढलं की गल्लीतली मांजरं दारात बसायची.

"कसलं तेल म्हनायचं हे?" हौसाबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं.

"औषध आहे, वहिनी."

"औषध हाय ते दिसतंय. मासळीचा वास येतोय."

"मासळीचंच आहे."

"ह्यांच्या म्होरं बोलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "माळ हाय गळ्यात. मी न्हाई सांगनार."

मी रोज माप ठरवून चांदीला तेल पाजलं. तीन आठवड्यांनी ती दिवे लागल्यावर गोठ्यातून नीट चालत बाहेर आली आणि दाराशी ठेवलेल्या पाण्याच्या पाटीला बरोब्बर तोंड लावलं. हौसाबाईंनी तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि त्याच बोटाने, मला चुकवायचा अवसर न देता, माझ्याही कपाळाला लावलं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव आसपासच्या गावांत पसरलं. 'आंधळ्या गाईला डोळे देणारा डॉक्टर.' आणखी आठ-दहा गाई-म्हशींना मी ते तेल दिलं आणि गुण आला. एवढं सरळ यश मला त्यानंतर नोकरीत क्वचितच मिळालं असेल. रोग ओळखला, उणीव ओळखली, ती भरून काढली.

पण यश लोकांच्या मनात वेगळंच रूप घेतं. चांदीला जे उणं होतं ते मी भरलं, असं कुणी म्हटलं नाही. डॉक्टरकडे ताकदीचं पिवळं औषध आहे, असं म्हटलं गेलं.

पुढे छावणी उघडली. श्रीरामपूरकडच्या साखर कारखान्यांच्या भागातून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पाती, ट्रकने यायचं आणि गुरं तिथंच राहायची, तिथंच खायची. भानुदासभाऊंनी चांदीला आणि हरण्याला छावणीत नेलं. पाखऱ्याला नेलं नाही. "तिथं शंभर जनावरांची शिंगं," म्हणाले. "डोळा फोडतील त्याचा." पाखऱ्या घरीच बांधलेला राहिला. खायला मागल्या सालचा कडबा, वर शिळी शेंगदाण्याची पेंड आणि रोज जवसाचं तेल. काम नव्हतं म्हणून चालणंही नव्हतं.

"मानसं सुकडी खात्यात आन् बैल त्याल पितोय," हौसाबाई एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. भानुदासभाऊ पाखऱ्याच्या गळ्याखालची पोळी चोळत राहिले.

चैत्रात गावची भैरोबाची जत्रा. दुष्काळात शर्यत भरवायची की नाही यावर पारावर दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरलं की देवाचं टाळायचं नाही, फक्त एकच फेरी पळवायची. जत्रेला तीन आठवडे असताना भानुदासभाऊ माझ्या खोलीत आले. ते सहसा आत येत नसत, दारातूनच बोलत. त्या दिवशी खाली पोत्यावर बसले.

"डॉक्टर, तुमी आईला डोळे दिलं. आता पोराला पाय द्या."

"त्याला काय झालंय?"

"झालं न्हाई काय. पर अंग सुटल्यागत वाटतंय. पयला हात लावला की कातडी थरारायची. आता थरारत न्हाई."

मी गोठ्यात गेलो. पाखऱ्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. तब्येत गोल दिसत होती, पण मांस सैल होतं. वर्ष होत आलं, त्याने हिरवी काडी चावली नव्हती. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की याला छावणीत न्या, वाढं खाऊ द्या, रोज चालवा आणि यंदा पळवू नका. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या कपाळावरचं कुंकू अजून पुसलेलं नव्हतं. मी कपाट उघडलं आणि आजारी जनावरांसाठी आलेल्या तेलाच्या दोन बाटल्या एका धडधाकट बैलासाठी काढून दिल्या. चांदीला ठरवून दिलेलं माप होतं. पाखऱ्याला मी त्याच्या दुप्पट सांगितलं, कारण तो शर्यतीचा बैल.

छावणीतून परत आणल्यावर हरण्यालाही ते पाजायचा बेत होता. हरण्याने दात आवळले ते उघडलेच नाहीत. दोनदा नळकांडं चावून फोडलं, तेव्हा भानुदासभाऊंनी नाद सोडला.

शर्यतीच्या दिवशी माळावर आसपासची दहा गावं लोटली होती. शेजारच्या गावचा नामदेव म्हणून एक शर्यतवाला होता. दर साली पाखऱ्याकडून हरायचा, पण बैलाचा खरा शौकीन. छकडे सुटायच्या आधी तो आमच्या बैलांपाशी आला, पाखऱ्याच्या मानेवर थाप मारली आणि हातातला गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. "खा, राजा," म्हणाला. "वरीसभर तुलाच बघायची वाट बघतोय." सगळ्यांनी ते पाहिलं.

पाखऱ्या आणि हरण्या जिंकले. वीत-दीड वीत फरकाने, पण जिंकले. गुलाल उडाला, भानुदासभाऊंना फेटा बांधला. मिरवणूक देवळापर्यंत गेली आणि तिथं पाखऱ्या थांबला. मागचे दोन्ही पाय ताठ, अंगाला बारीक कंप, नाकपुड्या फुललेल्या. दोन पावलं त्याने ओढत टाकली आणि बसला. उठवायला गेलो तर उठेना. मी मांडीवर हात ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी जे मांस सैल लागलं होतं ते लाकडाच्या ओंडक्यासारखं टणक झालं होतं. गाडीवर घालून त्याला घरी आणलं. हरण्या शेजारी उभा राहून निवांत रवंथ करत होता.

सकाळी पाखऱ्याने लघवी केली ती कोऱ्या चहासारखी काळपट तांबडी. भानुदासभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी पुटपुटलो आणि सायकल काढली.

तालुक्याचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, साठीला आलेले, कमालीचे तापट आणि तितकेच अभ्यासू. छावण्यांच्या कामाने त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरी लघवीचा रंग सांगितल्यावर ते लगेच जीपमध्ये बसले. दुपारपर्यंत पाखऱ्याला तपासून झालं. गोचीड-ताप नव्हता, साप चावल्याची खूण नव्हती. त्यांनी भानुदासभाऊंना भरपूर पाणी पाजायला, पाण्यात खायचा सोडा घालायला आणि बैलाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलायला सांगितलं. मग मला बाहेर लिंबाखाली नेलं.

"गायकवाड, याला काय काय चालू होतं?"

मी सांगितलं. कडबा, पेंड, जवसाचं तेल. मग थांबलो. मग तेही सांगितलं.

"किती?"

मी माप सांगितलं. मला शिव्या अपेक्षित होत्या. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "तेलाचा डबा उघडा ठेवला तर काय होतं?"

"तेल खवट होतं."

"कशाने?"

"हवा लागून."

"बरोबर. आता ऐक. स्नायूच्या प्रत्येक पेशीला बाहेरून एक स्निग्ध पापुद्रा असतो. जनावर जीव तोडून पळतं तेव्हा स्नायूत प्राणवायूचा खप कितीतरी पटींनी वाढतो. ते सगळं ज्वलनच. त्यात तो पापुद्राही खवटायला लागतो. त्याला वाचवतं 'ई' जीवनसत्त्व. ते असतं हिरव्या चाऱ्यात. जुन्या कडब्यात काही उरत नाही. म्हणजे याच्याजवळ साठा थोडाच होता. त्यात जवसाचं तेल आणि तुझं माशाचं तेल. दोन्ही पटकन खवटणारी. पोटात गेल्यावर त्यांना सांभाळण्यातच होतं नव्हतं ते 'ई' संपलं. आणि मग दोन महिने खुंट्याला बांधलेल्या बैलाला तुम्ही एकदम पळवलंत. स्नायू फुटलाय त्याचा. लघवीत उतरलाय तो रंग स्नायूचा आहे."

"म्हणजे माझ्या तेलाने…"

"एकट्या तेलाने नाही. तेल प्यायलेला बैल गोठ्यात बसून राहिला असता तर कदाचित काही झालं नसतं. नुसत्या कडब्यावरचा बैल पळला असता तर कदाचित आखडून दोन दिवसांत बरा झाला असता. सगळं एकत्र आलं. शपथेवर मी सांगू शकत नाही. पण तो दुसरा बैल बघ. हिरवं खाल्लं, तेल प्यायला नाही, तेवढाच पळला. उभा आहे."

आमच्या नातीला हे सगळं फार वर्षांनी सांगायची वेळ आली. ती पुण्यात लांब पल्ल्याच्या शर्यती पळते आणि तिच्या टेबलावर जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे डबे असतात. ती म्हणते, आता तर असंही म्हणतात की नेमाने व्यायाम करणाऱ्याचं शरीर ती झीज सोसायला आपणहून शिकतं आणि वरून गोळ्यांचा मारा केला तर ते शिकणं अडतं. खरं-खोटं तज्ज्ञ जाणोत. मी तिला एवढंच विचारलं, तुला काय उणं आहे ते कुणी तपासलंय का? तिने डबा उचलून आतल्या खोलीत ठेवला. फेकला नाही.

तर, डॉक्टरसाहेब म्हणाले की 'ई'चं इंजेक्शन आपल्याकडे येत नाही, पण माणसांच्या औषधांच्या दुकानात त्याच्या गोळ्या मिळतात, श्रीरामपूरला बघ. मिळतील तेवढ्या आण आणि हिरवा लसूणघास आण. जीपमध्ये बसताना त्यांनी गोठ्याकडे मान करून विचारलं, "त्याला सांगणार आहेस?"

"सांगतो, साहेब."

मी त्या दिवशी सांगितलं नाही. भानुदासभाऊ पाखऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. उद्या गोळ्या आणल्यावर सांगू, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने श्रीरामपूर गाठलं. स्टेशनाजवळच्या एका औषधाच्या दुकानात सॅम्युएल नावाचे पन्नाशीचे कंपाउंडर होते. चष्मा नाकाच्या टोकावर, गळ्यात बारीक क्रूस. मी 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मागितल्या तेव्हा त्यांनी मला काउंटरच्या कडेला बोलावून आवाज उतरवला.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"लग्न नाही झालं अजून."

"मग गोळ्या कोनाला?"

"बैलाला."

सॅम्युएलभाऊंनी चष्मा काढला. "ह्या गोळ्या दिवस ऱ्हात न्हाईत त्या बायांना देत्यात डॉक्टर लोक. बैलाला कशाला? त्याला लेकरू व्हायचंय व्हय?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही, तेव्हा त्यांनी विचारलं काय झालं ते. मी सांगितलं. का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला मी सगळंच सांगितलं, माझ्या तेलासकट. त्यांनी निमूटपणे कपाट धुंडाळून होत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या काढल्या, आणि समोरच्या दुकानातूनही मागवल्या. मग म्हणाले, "घास कुठून नेनार? माझ्या मेव्हन्याचं रान हाय कालव्याला. चला." सायकलवर डबलसीट बसवून त्यांनी मला रानात नेलं, आणि हिरव्या घासाचा मोठा भारा बांधून दिला. वर्षभरात एवढं हिरवं मी पाहिलं नव्हतं.

परत निघताना सॅम्युएलभाऊ म्हणाले, "ज्याचा बैल हाय त्याला सांगितलं का?"

"नाही."

"मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले आणि एसटीच्या टपावर भारा चढवायला हात लावला.

दुपारी चारच्या सुमाराला मी गावात उतरलो. भानुदासभाऊंच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. बऱ्याच जणांच्या हातात काठ्या होत्या. भानुदासभाऊ डोक्याला जत्रेतलाच फेटा गुंडाळत होते.

"काय झालं?" मी हौसाबाईंना विचारलं.

"नामदेवाकडं निघाल्यात. त्यानं गुळातनं इख घातलं म्हनत्यात. भाऊ, तुमी तरी सांगा ह्यास्नी. रगात सांडंल आज."

एक जण ओरडला, "दोनी बैल पळलं. हरण्याला काय झालं न्हाई. गूळ कोनाला दिला? पाखऱ्याला! मंग?"

हिशेब बिनचूक होता. फक्त माणूस चुकीचा होता. मला आजही आठवतं, माझ्या डोक्यात आधी आलं ते हे की गप्प राहिलो तर कुणाला कधीच कळणार नाही. डॉक्टरसाहेब सांगणार नाहीत, सॅम्युएलभाऊ श्रीरामपूरला. मी घासाचा भारा खाली टाकला.

"भानुदासभाऊ, थांबा. विष नाही घातलं कुणी."

"तुमाला काय ठावं?"

"हरण्याला तेल पाजलं नव्हतं. पाखऱ्याला पाजलं होतं. मी दिलेलं. त्या तेलाने, कडब्याने आणि पळण्याने त्याचा स्नायू फुटलाय. साहेबांनी सांगितलं."

भानुदासभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं काठी बसेल, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं.

"सायबांनी कवा सांगितलं?"

"काल दुपारी."

"काल." त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारला. "काल दुपारी सांगितलं. मी ह्याचं डोस्कं मांडीवर घेऊन बसलो हुतो, तवा."

"हो."

"आन् आज ह्या मानसानी नामदेवाचं डोस्कं फोडलं असतं तर?"

त्यांनी काठी भिंतीला उभी केली आणि लोकांना म्हणाले, "जावा घरी." माझ्याकडे न बघता त्यांनी घासाचा भारा उचलला आणि गोठ्यात गेले.

त्यानंतर जवळजवळ दहा महिने भानुदासभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. खोली सोडायला त्यांनी सांगितलं नाही, मीही सोडली नाही. पाखऱ्याची कूस बदलायला चार माणसं लागत, त्यातला एक मी. ते "हं" म्हणायचे, मी जोर लावायचो. खाली उसाचं पाचट, वर गोणपाट. गोळ्या फोडून गुळाच्या भाकरीत घालून मी चारायचो. लघवीचा रंग तिसऱ्या दिवशी फिका झाला, पाचव्या दिवशी पाण्यासारखा. नामदेवाला सगळं कळलं होतं. तो सहाव्या दिवशी आपल्या गावची चार माणसं घेऊन आला. बैलाच्या पोटाखालून पोती घालून, वाशांना दोर बांधून त्यांनी पाखऱ्याला उभं केलं. पाय लटलट कापत होते, पण तो उभा राहिला. भानुदासभाऊ नामदेवाच्या पाया पडायला वाकले. त्याने त्यांना वरच्या वर धरलं.

गोळ्यांनी बरा झाला, की पाण्याने, सोड्याने, घासाने, की हौसाबाईंनी बोललेल्या नवसाने, मला सांगता येत नाही. बहुधा फुटलेलं भरून यायला वेळच लागतो, आणि तेवढा वेळ आम्ही त्याला जगवलं. उजव्या मांडीचं मांस मात्र आत गेलं ते गेलंच. पाखऱ्या पुन्हा कधी शर्यतीला उभा राहिला नाही.

डॉक्टरसाहेबांनी मला केसबुकात सगळं खरं लिहायला लावलं. मी लिहिलं. खात्याचा मेमो आला, ताकीद मिळाली. तेव्हापासून मी एक नियम केला. धडधाकट जनावराला ताकदीचं काही द्यायचं नाही, कुणीही मागो. पुढच्या साली पाऊस झाला, चारा झाला आणि घोडेगावच्या बैलबाजारात मला त्या नियमाची किंमत कळली. बाजाराच्या दिवशी आमची तिथं लसीकरणाची बैठक असायची. बैल विकायला आणलेला माणूस हमखास यायचा. डॉक्टर, एक ताकदीची लाल सुई मारा, जरा अंगावर तेज दिसू दे. मी नाही म्हणायचो. लोक चिडायचे. मला 'न्हाई डॉक्टर' असं नावही पडलं होतं.

संक्रांतीनंतरच्या एका बाजारात असाच एक दलाल माझ्याशी हुज्जत घालत होता. बैलाला पुढच्या आठवड्यात शर्यत आहे, काहीतरी द्याच, म्हणत होता. मी नाही म्हटलं. तो आवाज चढवून म्हणाला, "द्यायला काय जातंय तुमच्या बापाचं? सरकारी औषध हाय!"

गर्दीतून एक आवाज आला. "न्हाई म्हनल्यात न्हवं ते? मंग न्हाई."

भानुदासभाऊ. मला ते तिथं आहेत हे ठाऊक नव्हतं. दलाल त्यांच्याकडे वळला. "तू कोन रं मधी बोलनारा?"

"ह्यांनी एकदा व्हय म्हनलं हुतं, ते माझ्या बैलाला," भानुदासभाऊ शांतपणे म्हणाले. "तो बैल उभा हाय तिकडं. जा, त्याची मांडी बघून ये. आन् मंग माग औशीद."

दलाल पुटपुटत निघून गेला. भानुदासभाऊ जवळ आले. मी सुया उकळत्या पाण्यात टाकत होतो.

"आवरलं का तुमचं?" त्यांनी विचारलं. दहा महिन्यांतलं मला उद्देशून पहिलं वाक्य.

"अजून चार-पाच जनावरं आहेत."

"आवरा. मी थांबतो. छकड्यातनं जाऊ. पाखऱ्या हळू चालतोय, दिवस मावळंल घरी जायला. पर हौसानं भाकरीला बसायचं न्हाई म्हनून सांगितलंय, तुमी आल्याबिगर."

मी उरलेली चार जनावरं टोचली, पिशवी बांधली आणि सायकल छकड्यात आडवी घातली. भानुदासभाऊंनी पुढे सरकून मला जागा दिली.